कड्याकडची जागा

सोमवार, ८ सप्टेंबर

आले, गाडीमागे ओढत आणलेली कॅरव्हॅन लावली, आणि कुणाच्या बापाची मदत घेतली नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण क्लाइव्ह विचारणारच. माझ्या या मुलाचं म्हणणं, त्याच्या बाबांच्या माघारी मला हे झेपायचं नाही, विकून टाक. शेवटी पैज लागली. पंधरा दिवस एकटीनं राहून दाखवायचं. एकदा जरी कुणाची मदत मागितली किंवा लवकर घरी परतले, तर कॅरव्हॅन विकायची. शब्द मी दिलाय आणि मी तो मोडत नसते.

जागा घेतली ती अगदी कड्याकडची. कॅरव्हॅन लावायच्या या मैदानाची मालकीण ऑड्री टिंडल मला आतल्या रांगेत ढकलत होती. मी म्हटलं, मी समुद्र बघायला आलेय, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या नाही. मागची मोठी खिडकी समुद्राकडे ठेवली, गाडीला जोडायचा दांडा फाटकाकडे, म्हणजे निघताना सरळ पुढे. चाकांना ठोकळे लावले, दारात पाणसळ ठेवून कॅरव्हॅन समतल केली, चारही कोपऱ्यांचे टेकू खाली फिरवले, वीज जोडली, सिलिंडर उघडला, किटली चढवली. चीज सँडविच, लोणच्यातला कांदा आणि समोर अख्खा समुद्र. राणीसारखी जेवले.

एकच गोष्ट खुपली. मागे घेताना पिवळ्या रेनकोटातला एक म्हातारा कड्याशी उभा राहून हात हलवत होता, ये, ये, खूप जागा आहे. स्टिअरिंगवर बाई दिसली की प्रत्येक मैदानावर असा एक निघतोच, उंटावरून शेळ्या हाकायला. मी काणाडोळा केला आणि माझ्या मनानं लावली.

बुधवार, १०

सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसले तर समुद्र तिरका. म्हणजे कॅरव्हॅनच जागच्या जागी थोडी वळलेली. ब्रेक ओढलेला, ठोकळे जागच्या जागी, टेकू रोवलेले, गवतावर ओरखडाही नाही. लावतानाच चूक झाली असेल म्हणून टेकू वर घेतले आणि गाडी न जोडता कॅरव्हॅन हलवायची चाकांवरची छोटी मोटर चालवून सरळ केली. कड्याशी पिवळा रेनकोट हजर. पुन्हा तेच, ये, ये. मी ओरडून त्याला घरी जाऊन चहा पी म्हणाले.

दूध आणायला गेले तेव्हा ऑड्रीकडे त्या आगाऊ म्हाताऱ्याची तक्रार केली. तिचा बाटलीवरचा हात तसाच राहिला.

‘‘तो माझा नवरा, स्टॅन,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वर्षं झाली. असाच हात हलवून कुणाची तरी कॅरव्हॅन मागे घ्यायला लावत होता, स्वतः मागे मागे चालत. पायाखालची कडच गेली.’’

स्टॅन सापडला नाही म्हणे. पैजेचं मी तिला आल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून तीच पुढे म्हणाली, ‘‘अगं बाई, जिवंतपणी त्याचं कुणी ऐकलं नाही, आता काय ऐकणार. पण तू आजच आत ये. मी ओढून देते. क्लाइव्हला नाही सांगायची.’’

क्लाइव्हला कळलं नसतं. मला कळलं असतं ना.

शुक्रवार, १२

पुन्हा वळली. या वेळी जास्त. समुद्र बाजूच्या खिडकीत आला. मोटरनं पुन्हा सरळ केली. भीती वाटते आहे. खोटं कशाला लिहू? पण भीती वाटली म्हणून कुणी घर सोडत नाही.

तो दिवसभर तिथेच. कड्याची बाजू काही सोडत नाही, एवढंच बरं. इकडे कधी आला नाही.

शनिवार, १३

दुपारपासून धुकं. क्लाइव्हचा फोन आला. मजेत आहे म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, आई, आवाज का असा? मी म्हटलं, तोंडात बिस्कीट आहे.

कपाटातल्या कपबश्या किणकिणताहेत — वारा नाही —

रविवार, १४

सकाळ. धुकं तसंच. सगळ्या खिडक्या पांढऱ्या. किती वळली ते कळायला मार्ग नाही. दर वेळी थोडीशीच वळते, आजही तेवढीच असेल.

ठरवलं. इथून निघायचं. घरी नाही, पुढच्या किनाऱ्यावर दुसरं मैदान आहे तिथे. पैज दिवसांची होती, जागेची नव्हती. उरलेले दिवस तिथे काढीन. आणि जोडणारही मीच.

गाडीत

धुक्यात दांडा चाचपडत शोधून गाडी जोडली. दिवे तपासले. एकटीनं. इंजिन चालू आहे. धीर यावा म्हणून लिहितेय.

लाटा समोरून ऐकू येतात. धुक्यात आवाज फसवतो, कुणीही सांगेल.

दांडा फाटकाकडेच ठेवला होता, म्हणजे समोर फाटक. सरळ जायचं —

तो. बॉनेटच्या पुढे. इतके दिवस मागे असायचा, आता वाट अडवायला पुढे आला. आज ये ये नाही. दोन्ही तळवे वर. ओरडतोय, थांब. थांब, बाई.

वा. मी निघाले तर आता थांब.

चाळीस वर्षं गाडी चालवतेय. कुठल्या बाप्याच्या हातवाऱ्यांवर चालवली नाही. तुझ्याही नाही, स्टॅन. हो बाजूला.

हटत नाही. रडतोय का —

पहिला गिअर टाकला. ब्रेक सोड —