जाणाऱ्याने ताट फिरवायचं नसतं

२ ऑगस्ट

झालं! निंगनिंगचा व्हिसा आला. रोवेना मिलानहून फोनवर एवढी किंचाळली की बाबांना खुर्चीत बसल्या जागी ऐकू गेलं — आणि बाबांना तर चर्चची घंटाही ऐकू येत नाही. "ताई, आली गं माझी पोर! आली!"

अजून कुठे आली? अजून इथेच आहे. माझ्या ओट्यावर पाय हलवत बसून शेंगदाणे खातेय.

मी म्हटलं, बरं झालं, देव पावला. आणि चुलीकडे वळले. उद्याच्या बाजारासाठी तुलिंगान मासळीची गाडगी चढवलेली होती. ही मासळी कधी ढवळायची नसते — मीठ, सुकी आंबट बिंबलं, मंद आच आणि गप्प बसायचं. आमच्या बातांगासमधलं शेंबडं पोरही सांगेल. आज मी ढवळत बसले. सगळी मोडली. उद्या काय विकणार, कपाळ?

पोरीबरोबर मी जायचं, तिला पोचवायचं, दोन आठवडे राहायचं, परत यायचं. म्हणजे मी कुरियर.

५ ऑगस्ट

रोवेनाचा पुन्हा फोन. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग — "ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना? तिला आता तुला मावशी म्हणायची सवय लाव. इथे चारचौघांत तुला आई म्हणाली तर मी तोंड कुठे लपवू?"

मी म्हटलं, हो गं, खरंच आहे.

खरंच आहे. मावशीच आहे मी. माझी धाकटी बहीण, रोवेना, मिलानला कामाला गेली तेव्हा पोर अंगावर पीत होती. बाप त्याआधीच दुबईत दुसरा संसार थाटून बसलेला. मधल्या काळात रोवेना दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा पोर तिच्याकडे रुळायला लागली आणि सुट्टी संपली. तेव्हा निंगनिंगच्या हिशेबी आई म्हणजे मी, आणि मम्मी म्हणजे फोन. उलटं होतं ते सरळ होतंय, एवढंच.

मग मला एवढा राग कशाचा आला? शेजारच्या साबेलच्या कोंबडीवर जाऊन खेकसले. कोंबडी माझ्या अंगणात घुसते हे खरं. पण ती काय आज घुसतेय?

६ ऑगस्ट

सांगितलं नाही.

१० ऑगस्ट

सांगितलं. केस विंचरताना, म्हणजे माझं तोंड तिला दिसू नये.

"मावशी? कुणाला?"

"मला."

"पण तू तर आई आहेस!"

"तुझी आई मिलानला आहे."

"ती मम्मी आहे." — एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, असा स्वर.

नंतर दिवसभर तिने थट्टाच मांडली. मावशी, ओ मावशी, भात वाढा! मावशी, कुत्र्याला हाकला! बाबाही हसले. मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

१९ ऑगस्ट, रविवार

निरोपाचं जेवण. अख्खं डुक्कर भाजलं, अख्खं गाव जेवलं. आमच्या गावात जेवायला माणसं कमी नाहीत, घरात राहायलाच नाहीत — टेकडीपर्यंत इटलीच्या कमाईची रंगीत घरं, आणि खिडक्या बंद.

साबेल खातखात म्हणाली, "पोरीचं भाग्य उजळलं बाई! आणि तुझीही सुटका. आता तरी लग्न कर."

"करते की. तुझा नवरा रिकामा आहे का?"

तिच्या नवऱ्याला ठसका लागला!

येईल त्याच्या हातात पिशवी. माझ्या लेकाला ही सुकी मासळी दे, माझ्या सुनेला हे तांदळाचे लाडू दे, आमच्या ह्यांना ही जपमाळ आणि हे मलम — गुडघ्याला लावायचं म्हणून सांग. आमच्या सामानात माझे स्वतःचे दोन झगे आणि बाकी सगळं गाव.

निंगनिंगने माइक घेऊन गाणी म्हटली, नव्या बुटांत नाचली. बाबा कोपऱ्यात बसून होते. पानात वाढलेलं तसंच. मी जवळ गेले तर विचारतात, "तिथे तिला भात देतील ना?"

२४ ऑगस्ट

निघालो. विमानतळाच्या बाकावर लिहितेय.

गाडी वेळेआधीच आली. मनिलात गाड्या तुंबतात म्हणून ड्रायव्हरला घाई. आम्ही तिघं जेवायला बसलेलो — भात, तळलेली सुकी मासळी, कॉफी. बाहेर हॉर्न. मी उठले.

बाबांनी लगेच आपलं ताट फिरवलं. भरल्या पंगतीतून कुणी प्रवासाला उठलं की मागे बसलेल्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, हातच शिकतात. निंगनिंगनेही फिरवलं. मामा जहाजावर निघाले तेव्हा फिरवलेलं, मम्मी दोनदा परत गेली तेव्हा फिरवलेलं — आजही हात आपोआप गेला.

बाबा म्हणाले, "अगं वेडे, तू जाणारी ना! जाणाऱ्याने ताट फिरवायचं नसतं. राहणाऱ्याने फिरवायचं."

ती ताटाकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी हळूच होतं तसं परत केलं.

उठून तिने नमस्काराला बाबांचा हात उचलून कपाळाला लावला. बाबांनी तो काढून घेतलाच नाही. हॉर्न वाजतोय, साबेल दारात रडतेय, कुत्रा मध्येच घुसतोय आणि हे दोघं तसेच. शेवटी मीच हात सोडवला. मीच! बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडीत आम्ही दोघी जाणार आणि पोचवायला अर्धी गल्ली. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, म्हणून सगळं रडणं रस्त्यावरच उरकलं. सगळ्यात जास्त साबेल रडली. कोंबडीबद्दल तिला काहीतरी बोलायला हवं होतं.

२५ ऑगस्ट, विमानात

पासपोर्ट तपासणारा काचेमागून वाकून तिला विचारतो, "या कोण तुझ्या?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "मावशी."

स्वच्छ, खणखणीत. शाळेत कविता म्हणावी तसं. त्याने शिक्का मारला.

मी तिला बाकावर बसवून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर विचारते, "बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर."

"आता इथे कोणी नाही विचारायला. आता आई म्हणू?"

म्हटलं, म्हण बाई.

विमान वर चढताना तिने माझ्या दंडाला नखं रुतवली. मग खिडकीला नाक लावून, "हा समुद्र अजून आपलाच आहे का?" मला काय ठाऊक! हो म्हटलं. पुढे ढगच ढग. जेवण आलं — भाताच्या नावाखाली मोकळी खडी. तिने माझा गोड पदार्थ खाल्ला, मी तिचा पाव खाल्ला. पुढे वाळवंटातल्या एका विमानतळावर दुसरं विमान. तिथे सगळीकडे आमचीच माणसं — जाणाऱ्या बायका, येणाऱ्या बायका, एकमेकींना बघून ओळख नसताना हसणाऱ्या.

आता माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपलीय. पाय केव्हाच बधिर झालाय. होऊ दे.

२६ ऑगस्ट, मिलान

रोवेना विमानतळाच्या दारातच उभी होती. ओठांना लाली, एवढ्या उकाड्यात नवा कोट. पोरीला बघून गुडघ्यांवरच बसली. हात पसरले. निंगनिंग माझ्या मागे.

मी पुढे ढकलली तेव्हा गेली. आणि रोवेनाचा हात उचलून कपाळाला लावला, एखाद्या परक्या वडीलधाऱ्या बाईचा लावतात तसा. रोवेनाचा चेहरा!

लिहायची लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय. मला बरं वाटलं.

२९ ऑगस्ट

एकच खोली. त्यात स्वयंपाक, त्यातच झोपणं. पोरीसाठी नवा पलंग, गुलाबी चादर. ती झोपते माझ्याशेजारी जमिनीवर. बॅग अजून उघडलेली नाही. रोज त्यातून एक फ्रॉक काढते आणि चेन परत लावते.

रोवेना पहाटे जाते. एका म्हाताऱ्या बाईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. संध्याकाळी येते ती हसतच, दारातून — "माझं बाळ कुठाय?" बाळ माझा हात धरून बसलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच हसत येते. माझ्याच्याने झालं नसतं.

२ सप्टेंबर, रविवार

गावच्या माणसांच्या पिशव्या वाटून आलो. मलमवाला गृहस्थ तर जपमाळ हातात घेऊन फुटपाथवरच रडला.

परत आल्यावर रोवेना भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे, "ताई, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. शाळा सुरू व्हायच्या आत सांग. तिला राहायचं नसेल तर... घेऊन जा. मी नाही अडवणार."

मोठ्या बहिणीने काय म्हणायला हवं होतं? वेडी आहेस का, रुळेल, पोरच आहे. मी काय म्हटलं? "बघू."

बघू! आणि मनात ढोल वाजत होते. डोळे मिटले तर बाबांच्या शेजारची तिची खुर्ची दिसायला लागली.

६ सप्टेंबर, गुरुवार

रोवेनाची अर्धी सुट्टी. सकाळी पोरीला बरोबर घेऊन गेली. म्हातारीला पोर बघायची होती. दुपारी परतल्या. रोवेना दुकानात गेली आणि निंगनिंग माझ्याशेजारी शेंगा सोलायला बसली.

"आई, मम्मी उभ्याने जेवते."

"कुठे?"

"तिथे. ओट्याला टेकून. त्या आजींच्या स्वयंपाकघरात खुर्चीच नाही." एक शेंग सोलली. "इथेपण उभ्यानेच जेवते. इथे तर खुर्ची आहे. बघितलं नाहीस तू?"

बघितलं होतं. आल्यापासून रोज बघत होते. आमच्या ताटांवर नजर ठेवून शेगडीपाशी उभी, वाटीतून चमच्याने खाते. मला वाटलं, घाईत असते.

"सवय झाली असेल," मी म्हटलं.

"तू जेवताना आजोबा असतात. खाली कुत्रा असतो."

शेंगा संपल्या तरी मी टोपलीत हात घालून बसले होते.

८ सप्टेंबर

उद्या निघायचं. रोवेनाने चौकशी करून ठेवलीय. विमानात पोरीसाठीही जागा आहे, सकाळी सांगितलं तरी चालेल. निंगनिंगची बॅग दाराशी, चेन लावलेली. वर तिची टोपी. कुणी ठेवली? मी नाही. रोवेना म्हणते, तिनेही नाही.

विचारायची हिंमत मला नाही, तिलाही नाही. घोड्याएवढ्या दोघी बहिणी, आणि एका पोरीला घाबरतोय!

देवा, तिला माझ्याबरोबर येऊ दे. लिहिलं एकदाचं. आता खोडणार नाही.

९ सप्टेंबर, विमानात

सकाळी भात आणि आपली शेवटची तुलिंगान होती. निंगनिंगने मम्मीला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, आणि स्वतः शेजारी बसली. खाली हॉर्न वाजला. मी उठले.

तिने आपलं ताट फिरवलं. मग हात लांब करून मम्मीचंही फिरवलं. रोवेनाच्या लक्षात नव्हतं.

शेजारची जागा रिकामी आहे. मी सुखरूप पोचणार.