रेझिस्टरच्या जागी तार

आप्पा,

"सूनबाई, जळालेला रेझिस्टर गुन्हेगार नसतो, तो मार खाणारा. मारणारा शोध," असं तुम्ही म्हणाला होतात आणि मी हसले होते. बीएस्सीची घमेंड, दुसरं काय.

शनिवारी एका मासेमारी बोटीचा तांडेल बोटीवरचा बॅटरी-चार्जर घेऊन आपल्या दुकानात आला. आतला रेझिस्टर दुसऱ्यांदा जळाला होता. करंटला आवर घालायचा एवढंच त्याचं काम. तांडेलाला भरती असतानाच बोट काढायची होती, म्हणून का जळतोय ते न बघता मी त्याच्या जागी तार जोडली. म्हटलं, परत आला की नीट करू. काल भर समुद्रात बॅटरी फुटली आणि ॲसिड रघू खलाशाच्या तोंडावर उडालं. त्याचा उजवा डोळा गेला.

आज सकाळी बोटीवरचे आठ जण आले. काचा फोडल्या, टेबल उलटं केलं. "कोणी केलंन हे काम?" मी तोंड उघडायच्या आत तुमचा विनीत म्हणाला, "मी." लोखंडी पान्ह्याने मारलं त्याला. ते दमेपर्यंत तो माझ्यापुढून हलला नाही, आणि मी मनस्वीला छातीशी धरून गप्प उभी राहिले.

दवाखान्यात यायला तयार नाही. म्हणतो, डॉक्टर पोलिसांना कळवतील, मग तुझं नाव निघेल. म्हणून मीच ठाण्यात जाऊन नाव सांगते आणि रिक्षा घेऊनच येते.

मनस्वी शेजारी मैनाकाकींकडे आहे. तुमची बस हातखंब्याला पोचली म्हणालात, म्हणजे आता यालच. मघापर्यंत विनीत डोकं दुखतंय म्हणत होता, आता म्हणत नाही. चपला काढायच्या आधी आत जा आणि त्याला हाक मारून बघा.