यजमानाचे नाव लिहा

चि. खटपट्यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? आईचा गुडघा काय म्हणतो? इकडे माझी तब्येत बरी, ह्यांची त्याहून जरा कमी बरी आणि संगणकाची ठणठणीत.

तू पाठवलेला पेनड्राइव्ह पोचला. आम्ही बनवलेली संगणक चालवायची प्रणाली आता इतकी सोपी केली आहे की नवखा माणूससुद्धा एकट्याने बसवेल, तेव्हा तू बसव, कुणाला विचारू नकोस आणि कुठे अडलीस ते सविस्तर लिहून कळव, असं तू फोनवर म्हणालास. युनिक्स नावाच्या नामांकित घराण्यातली आहे, असंही म्हणालास. घराणं ऐकून मी लगेच होकार दिला (जुन्या प्रणालीचं घराणं आम्ही विचारलंच नव्हतं, आणि ती भर दुपारी झोपायची). तर सविस्तर लिहिते. निवांत बसून वाच.

पहिल्याच पडद्याने भाषा विचारली. मी मराठी निवडली आणि तिथेच घोटाळा झाला, कारण मराठी म्हटल्यावर हे उठून आले. ह्यांची सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापखाना बंद झाल्यापासून तपासायला काही उरलं नाही. औषधांच्या खोक्यांवरच्या चुका काढून संपल्या, पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून समोरच्या न्हाव्याशी बोलणं बंद झालं (केस वाढलेत, सोबतच्या फोटोत दिसतील), आणि मग हे नुसतेच खिडकीत बसायला लागले. मला त्याचीच धास्ती वाटत होती. पण पडद्यावर ताजं, न तपासलेलं मराठी दिसलं तशी ह्यांनी खुर्ची ओढली आणि लाल पेनाचं टोपण काढलं. काचेवर खूण करता येत नाही, असं मी म्हणेपर्यंत केली होती.

मग आलं, 'यजमानाचे नाव लिहा.' आता यजमान घरात एकच. मी ह्यांचं नाव लिहिलं, सासऱ्यांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. तर खाली तांबडी अक्षरं, 'यजमानात रिकामी जागा चालत नाही.' मी सगळं जोडून लिहिलं, तर 'यजमान मर्यादेबाहेर गेला आहे.' ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. शेवटी घरातलं लाडाचं नाव घातलं, ते चाललं. थोड्या वेळाने, हे माझ्या शेजारी बसलेले असताना, 'यजमान प्रतिसाद देत नाही.' (यजमान म्हणजे त्या यंत्राचंच नाव, हे तू मागाहून सांगितलंस. मग तसं लिहावं ना रे! मी त्या यंत्राला मनातून केवढं हुशार समजत होते.)

आता मुख्य गोष्ट. ह्या संगणकात ह्यांनी जन्मभर जमवलेल्या छपाईच्या चुकांचा संग्रह टिपून ठेवला होता. त्याचं पुस्तक करायचं मनात होतं. पडद्यावर दोन पर्याय आले. एक, 'डिस्कचे विभाजन करा.' दुसरा, 'संपूर्ण डिस्क पुसा.' विभाजन वाचून ह्यांचा चेहरा उतरला. धाकट्या दिरांबरोबर घराची वाटणी झाली तेव्हा काय महाभारत झालं, ते तू पाहिलं आहेस.

"ह्या घरात आता वाटणी नको. दुसरं काय ते दाब," हे म्हणाले.

पुसायला माझी कधीच ना नसते. मी दाबलं. यंत्राने विचारलं, 'तुमची खात्रि आहे का?' ह्यांनी खुर्चीतून उसळी घेतली. "खात्री दीर्घ! आधी लिहायला शिका, मग विचारा!" त्या तिरमिरीत मीही 'हो' दाबलं. दोघांनी वेलांटी वाचली, वाक्य कुणीच वाचलं नाही.

प्रणाली सुरेख बसली. रंग छान आहेत. संग्रह गेला.

हे ओरडले असते तर परवडलं असतं. हे परत खिडकीत जाऊन बसले. जेवले, पण मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी भाजी निवडताना मी आपली बोलायचं म्हणून म्हटलं, "ती एक चूक होती ना, प्रसिद्ध नायक नाचले?"

"गायक!" खिडकीतून आवाज आला. "प्रसिद्ध गायकातला क गळला आणि प्रसिद्ध गाय मंचावर आली! नाचतंय कोण त्यात?"

मी हात पुसले आणि नव्या प्रणालीवर ते टाइप केलं. मग 'अध्यक्षांच्या भाषणाने सभा रंगली'च्या जागी 'पांगली' छापलं गेलेलं आठवलं (दुसऱ्या दिवशी वार्ताहर म्हणाला होता, राहू द्या, तेच खरं). आता हे रोज सांगतात, मी टाइप करते. पूर्वीपेक्षा संग्रह मोठा होतोय. तुझ्या पडद्यांनीच त्यात एक प्रकरण भरलं.

नवख्याला काय अडलं, हे तुला हवं होतं ना? तर 'खात्री आहे का' असं विचारू नकोस. खात्री आम्हाला होतीच. काय जाणार आहे, ते सांग.

तुझी,
आत्या

ता. क. पत्रातलं शुद्धलेखन ह्यांनी तपासलं आहे. मजकूर त्यांना मान्य नाही.

ता. क. हे पाकीट आणायला गेलेत, म्हणून घाईघाईत. तुझ्या प्रणालीचं सगळं मराठी ह्यांच्याकडे तपासायला पाठव. पण एकदम नको, थोडं थोडं. आणि चुका संपत आल्या, तर तूच चार घालत जा. तुझं शुद्धलेखन बघता कुणाला संशय यायचा नाही.