गोळा ढकलायचा असतो

पालम,
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दादा,
राजीचा नमस्कार.

“ताई, मार्चच्या ग्राउंडपर्यंत हात येईल का वर?” असं तुझ्या अकॅडमीतल्या माधवीने मला गुरुवारी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकले, घरातली पहिली पदवी भिंतीवर लावली, आणि एकवीस वर्षांच्या मुलीने सरळ विचारलं तेव्हा तिच्या रिपोर्टचा कागद उगाच उलटसुलट करत बसले.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांनी हरभरा काढायला घेतलाय. आईचा खोकला कमी आहे. तू अकॅडमीच्या मुलांना घेऊन सोलापूरला पोलीस भरतीसाठी सुखरूप पोचलास, हे तुझ्या हाताखालच्या पप्पूने तिथून टाकलेल्या फोटोंवरून कळलं. मंगळवारी आपलं फोनवर वाजलं आणि मध्येच रेंज गेली. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. पत्र आईजवळ ठेवणार आहे. कागदाला मध्येच “बरं बरं, ठेव आता” म्हणता येत नाही.

आधी रिपोर्ट. सोमवारी माधवीला नांदेडला नेऊन एमआरआय केला. हात वर उचलणारा जो स्नायू असतो, त्याचं खांद्याच्या हाडाला धरलेलं टोक अर्ध्याहून जास्त फाटलंय. तू म्हणतोस तशी नस चढलेली नाही. विहिरीचा दोर एकाच जागी घासून एकेक पीळ सुटतो, तसं अडीच-तीन महिने फाटत आलंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने व्यायाम करून बघू, नाहीतर ऑपरेशन. मुलींचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, मार्चमध्ये आहे. हिशेब तूच कर.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तू मला मैदानावर बोलावलंस. “आमच्या पोरींना दोन शब्द सांग.” माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, गळ्यात हार घातला होता. समोर मुली ओळीने गोळा टाकत होत्या. माधवीचा नंबर आला. तिने कोपर मागे नेलं, शेतात पाखरांवर ढेकूळ भिरकावतात तसा हात फिरवला, गोळा चार पावलांवर पडला आणि ती खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. तू जवळ गेलास.

“काय झालं गं?”

“सर, लय दुखायलंय. हातात जीवच न्हाई.”

“नस चढली असंल. थांब.”

आणि तिचं मनगट धरून, तिच्या काखेला पाय लावून तू हात वर ओढलास. कट्ट असा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. “बसली बघ!” म्हणून तू टाळी वाजवलीस. मुलींनीही वाजवली. मी हार काढून धावत येईपर्यंत माधवीच्या ओठांचा रंग उडाला होता, आणि तू तिलाच सांगत होतास, “रडायलीस काय? गोळा हाय त्यो, फुगा न्हाई. दुखायलंय म्हंजे बनायलंय.”

दुखायलंय म्हंजे बनायलंय! हे मैदानाच्या भिंतीवर रंगवून ठेवलंयस तू. माझ्या हातात तेव्हा ब्रश असता ना दादा, तर सगळ्यांसमोर पुसलं असतं. दुखणं दोन तऱ्हेचं असतं. मेहनतीने अंग भरतं ते दोन दिवसांत उतरतं. रात्री त्या कुशीवर झोपू देत नाही, वेणी घालताना हात अर्ध्यात अडकवतं, ते दुखणं काहीही बनवत नसतं, मोडत असतं. हा फरक कळायला डिग्री लागत नाही. विचारावं लागतं, एवढंच. तुझ्याकडे एकोणचाळीस मुलं-मुली आहेत. रात्री झोप लागते का, हे तू त्यांतल्या एकाला तरी कधी विचारलंस?

त्यानंतर मी तिला विचारलं, रोज किती वेळा टाकायचीस?

“दीडशे. सर म्हणले, पन्नास मार्कांत पंधरा गोळ्याचे हायेत, तिथंच पोरी मार खातात.”

“आणि सुट्टी?”

“सुट्टी कशाची, ताई?”

पहाटे थंडीत आठ फेऱ्या पळायच्या आणि लगेच थंड खांद्याने गोळा. पाय तापवायचे, खांद्याला कुणी विचारायचं नाही. आणि दुखलं की गोळी. “गोळा टाकायचा तर गोळी खा,” असा विनोद तू केलास म्हणे, सगळे खूप हसले. माधवी सात आठवडे रोज सकाळी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी खाऊन मैदानावर येत होती. गोळीने दुखणं थांबतं दादा, फाटणं थांबत नाही. उलट थांबायला सांगणारं अंगात कुणी उरत नाही.

मी या चार दिवसांत तुझ्या मुलींना गोळा टाकताना नीट पाहिलं. अकरापैकी नऊजणी माधवीसारखाच हात फिरवतात. मग लक्षात आलं, घात त्या शब्दाने केलाय. गोळाफेक. आपल्याकडे लहानपणापासून फेकणं म्हणजे चिंचेला दगड, कुत्र्याला दगड, पाखराला ढेकूळ. कोपर मागे आणि सगळा झटका खांद्यातून. तू कडेला उभा राहून शिट्टी वाजवत ओरडतोस, “फेक! जोर लावून फेक!” आणि त्या बिचाऱ्या सांगितलं तेच करतात, चार किलोचं लोखंड ढेकळासारखं भिरकावतात. गोळा फेकायचा नसतोच. मानेला टेकवायचा, गुडघ्यांत वाकायचं आणि पायांतून, कमरेतून उठलेला जोर पुढे ढकलायचा. खांद्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. तू एक शब्द बदलून “ढकल” म्हणाला असतास, तरी निम्मं काम झालं असतं.

मला माहीत आहे तू म्हणशील, मला कुणी शिकवलं होतं? नाही शिकवलं. तू मोबाइलवर बघून शिकलास, चौथ्या भरतीत गोळ्याच्या दोन मार्कांनी गेलास, मग वय संपलं. तुझा उजवा हात कानाच्या वर जात नाही, हेही माहीत आहे. शर्ट घालताना तू आधी उजवी बाही चढवतोस. मैदानावर करून दाखवायची वेळ आली की पप्पूला पुढे करतोस. पोरांना वाटतं, सर मोठे झालेत. मला तुझा राग येतो तो इथे. ज्याचा खांदा धड, त्याला दुसऱ्याचं दुखणं कळलं नाही तर मी समजू शकते. पण तुला तर ठाऊक होतं! त्या कुशीवर झोप येत नाही हे तुला सहा वर्षं ठाऊक आहे, आणि तू एका पोरीच्या काखेला पाय लावलास.

आणि माझं नाव. बसस्टँडसमोरच्या तुझ्या बॅनरवर तुझ्या फोटोशेजारी माझा फोटो, कॉलेजचा, पांढऱ्या कोटातला. ‘तज्ज्ञ फिजिओथेरपिस्ट राजेश्री यांच्या मार्गदर्शनाखाली.’ कसलं मार्गदर्शन? सव्वीस जानेवारीच्या आधी मी त्या मैदानावर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. आईबाप तो बॅनर वाचून पोरी धाडतात. शिकलेली बाई बघायला आहे म्हणून धाडतात.

इथपर्यंत लिहून मी पाणी प्यायला उठले होते. परत बसले तेव्हा वरची पानं वाचली, आणि त्यात एक खोटं आहे. मंगळवारी रेंज गेली नव्हती. फोन मी ठेवला.

तू म्हणालास, “मला काय बोलायलीस? माधवीला तूच तर म्हणली होतीस, काही न्हाई म्हणून.” त्यावर मी ठेवला.

ती आली होती दादा. नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर. दवाखाना उघडून मला जेमतेम महिना झाला होता. बाहेर गावातले बडे असामी व्यंकटराव दुखरा गुडघा घेऊन बसले होते, स्वतःच्या गाडीने आलेले, दोन माणसं बरोबर. एवढा मोठा माणूस माझ्या एका खोलीत पहिल्यांदाच आला होता, मी दोनदा टेबल पुसलं होतं. तेवढ्यात माधवी दारात उभी राहिली, मैदानावरची धूळ तशीच अंगावर.

“ताई, खांदा भरलाय.”

मी मान वर न करता म्हणाले, “भरणारच. दीडशे वेळा गोळा टाकल्यावर काय होणार? शेक दे, चार दिवसांत जाईल.”

“काही न्हाई ना?”

“काही नाही गं.”

दीडशे वेळा, हे मला तेव्हाच माहीत होतं. वर मी तुला लिहिलंय, मी नंतर विचारलं म्हणून. विचारलं खरं, पण तिच्या तोंडून पुन्हा ऐकायला. ‘भरलाय’ म्हणजे काय, अंग भरतं तसा, की हात उचलेनासा झालाय, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं. हात धरून बाजूने वर नेला असता तर तिचा चेहरा बोलला असता. पहिल्या वर्षापासून शिकवतात, आधी हात लावा, मग बोला. मी हात लावला नाही. बसल्या जागेवरून, पेन हातात धरून मी एका मुलीचा खांदा बरा आहे असं सांगितलं, आणि ती ते तुला जाऊन सांगून पुन्हा ओळीत उभी राहिली. तू तुझ्या अडाणीपणाने केलंस. मी शिकून केलं.

आणि बॅनरचं सांगते. फोटो तू मागितलास तेव्हा मी तीन पाठवले होते. चांगला दिसेल तो घे म्हणून.

तुझ्यावरचा राग त्यामुळे कमी होत नाही, हे लक्षात ठेव. तू बीएच्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलंस, ट्रॅक्टरवर बसलास, तेव्हा मी कॉलेजला गेले. हे मी विसरले नाही, कधी विसरणार नाही. पण म्हणूनच गेले तीन महिने मी त्या मैदानाकडे बघितलं नाही. दादा करतोय ना, करू दे, त्याच्यात मी नाक खुपसायचं नाही. ही माझी कृतज्ञता. तिची किंमत माधवीच्या खांद्याने भरली.

शुक्रवारी मी कुसुमबाईंकडे गेले, माधवीच्या आईकडे. त्या कापूस वेचून आलेल्या, चुलीपुढे होत्या. मी रिपोर्ट समजावला. मग सगळं सांगितलं, नोव्हेंबरातलंसुद्धा. मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. शिव्या बऱ्या असतात. त्या भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, “बाई, तू शिकलेली म्हणून तुझ्याकडं धाडली होती. न्हाईतर चोळायला आमच्या गल्लीत सगुणाबाई हाय की.”

माधवी दोघींकडे बघत होती. ती म्हणाली, “आई, ताईला कशाला बोलायलीस? आता बघायल्यात ना त्या.” मला समजून घेणारं तिथे कुणी नसतं तर बरं झालं असतं.

तिचे व्यायाम सुरू केलेत. सध्या फक्त वाकून हात सैल सोडून झुलवायचा, काखेत टॉवेलची गुंडाळी धरून भिंतीवर मुठीने हलकेच दाब द्यायचा, पाठीकडची खांद्याची पाती मागे ओढायची. रात्री हाताखाली उशी. गोळी बंद. रोज संध्याकाळी पाचला येते. कुसुमबाई पहिल्या दिवशी सोबत आल्या आणि मी हात कुठे धरते, किती उचलते, ते डोळ्यांत तेल घालून बघत बसल्या. बरोबर केलं त्यांनी.

आता काल काय झालं ते. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून खरं तर हे पत्र. तू परवानगी दिली नसतीस, म्हणून विचारलं नाही.

काल सकाळी सहाला मी मैदानावर गेले. मुली होत्या, सोलापूरला न गेलेली मुलंही होती. सगळ्यांना बसवून मी रिपोर्ट दाखवला आणि सांगितलं, की माधवी नोव्हेंबरात माझ्याकडे आली होती आणि मी तिला हात न लावता परत पाठवलं. बॅनरवरच्या बाईने हे केलंय, असंच म्हणाले. मागून एक मुलगी उठली, “ताई, माझाबी भरलाय,” आणि मग बसल्या जागी आणखी चार हात वर झाले. दादा, त्यातले दोन पूर्ण वर गेलेच नाहीत.

तिथेच चटईवर एकेकाचा खांदा तपासायला लागले. अकरा झाले, बाकीचे उद्यापासून. ज्यांचा खांदा दुखतोय त्यांचा गोळा बंद केला. मार्च जवळ आलाय म्हणून दोघीजणी रडल्या, एकीच्या वडिलांनी मला फोन करून वाटेल तसं सुनावलं. ऐकून घेतलं. ज्यांचा खांदा धड आहे त्यांना मी आणि सोलापूरहून परतल्यावर पप्पू मिळून आधी रिकाम्या हाताने ढकलायला शिकवू, मग आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला वीसच वेळा. तुला पटलं तर तूही उभा राहा. न पटलं तर अकॅडमी तुझी आहे, माझं नाव काढून टाक. पण मधलं काही मिळणार नाही.

निघताना मी मैदानावरच्या खोलीतले सगळे गोळे बाहेर काढले, मुलींचे चार आणि मुलांचे तीन. रंगनाथकाकांच्या ॲपे रिक्षात घातले. ते आता माझ्या दवाखान्यात कपाटात कुलूपबंद आहेत, आणि तपासून झालेल्यांची यादी मी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
राजी