लेहच्या वाटेवरची बैठक

बाबा, आपल्या विहारातल्या बायकांची सहल लडाखला चालली आहे, आणि त्या सगळ्यांत तिकडे जाऊन आलेली मी एकटीच, म्हणून रविवारी मला बोलायला उभं केलं. घाटकोपरच्या टेकडीवरची आपली चाळ कधीच पाडली. मी आता नाहूरला राहते, सातव्या मजल्यावर. लिफ्ट महिन्यातले अर्धे दिवस बंद असते आणि उरलेले अर्धे माझे गुडघे. तरी गेले. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो आता उरलेला नाही. घरी आल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हटलं एकदा लिहून काढू. तुम्ही वाचणार नाही, तेवढं एक बरं आहे.

टेलिफोन खात्यात लागून मला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि एलटीसी, म्हणजे खात्याकडून प्रवासाचं भाडं, मिळत होती. ऑफिसातले सगळे काश्मीर नाहीतर कन्याकुमारी करायचे. मी म्हटलं, बाबा, बुद्धगयेला जाऊ. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "लेहला जाऊ." कारखान्यातल्या कुठल्याशा कॅलेंडरवर तुम्ही चित्र पाहिलं होतं, डोंगराच्या टोकाला विहार आणि पायथ्याशी गाव. आई चुलीपुढे, म्हणजे तेव्हा स्टोव्ह होता आपला, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "थंडीनं कुडकुडून मरायला जाताय व्हय तिकडं? मी नाय येणार. धाकट्याची धाव्वी हाय." तुम्ही भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवून तसाच धरून ठेवलात. "अगं, समदा मुलूख बौद्धांचा हाय. तिथं कोण कुणाला आडनाव इचारत नसंल." दुसऱ्या दिवशी आईनं तुमच्यासाठी स्वेटर विणायला घेतला.

मुलुंडच्या तुमच्या कारखान्यात डब्याबरोबर पिशवीत एक स्टीलचा पेला असायचा. तुम्ही तरुणपणी तिथं लागलात तेव्हा खात्यातल्या मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपला पेला आपण आणायचा. तुमच्या एकट्यापुरतं सांगितलं होतं. पुढे तो मुकादम रिटायर झाला, कँटीन झालं, सगळ्यांना काचेचे ग्लास आले, तरी तुम्ही पेला नेतच राहिलात. मी एकदा चिडले, आता कशाला नेता म्हणून. "सवय झाली गं," म्हणालात आणि पेला पुसून पिशवीत ठेवलात. मला कुणी पेला आणायला सांगितलं नाही, माझा जमाना सुधारलेला. मला नुसतं आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि मग एकदम फार गोड बोलायला लागायचे. त्या गोड बोलण्याचा मला जितका शीण यायचा तितका दिवसभर हेडफोन लावून बसण्याचा यायचा नाही. म्हणून तुम्ही लेह म्हणालात तेव्हा मीही मनापासून हो म्हटलं होतं, नुसतं तुमचं मन राखायला नाही.

जम्मूपर्यंत रेल्वे, मग श्रीनगर, आणि तिथून पुढे दोन दिवसांची बस. जोजिला घाटाच्या चिखलात लष्कराच्या ट्रकांमागे आपण किती वेळ अडकलो होतो! तुम्ही मंकी कॅप कानांवर ओढून खालची दरी बघताय, मी डोळे मिटून बसले आहे. घाट ओलांडला आणि झाडं संपली. पुढे नुसते डोंगर, एक वांग्याच्या सालीच्या रंगाचा, त्याला लागून हळदीच्या रंगाचा, मधूनच हिरवट, आणि खाली नदीकाठाला एवढीशी जवाची शेतं. वर आभाळ इतकं निळं की डोळे दुखतात. बसमध्ये डिझेलचा वास, कुणाचं तरी बकरं, माझं डोकं ठणकतंय, आणि तुम्ही लहान मुलासारखे खिडकीला चिकटलेले. "आपल्या माणदेशावानीच हाय गं," तुम्ही म्हणालात. "पाऊस नाय, झाड नाय. फकस्त उचलून वर ठेवलाय." मी त्या डोकेदुखीतही हसले. तुम्हाला इतकं बोलताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

कारगिलला मुक्काम करून सकाळी निघालो, तेव्हा काही वेळानं रस्त्यालगतच्या एका उभ्या कातळात कोरलेली प्रचंड मूर्ती आली. बस थांबली. तुम्ही चपला काढून थंडगार मातीत उभे राहिलात. मी हळूच म्हटलं, "बाबा, चार हात आहेत." आपल्या विहारात असलं काही चालत नसे, तुम्हीच भाषणं करायचात त्यावर. तुम्ही म्हणालात, "असू दे. त्यातले दोन ओळखीचे हायत," आणि मोठ्यानं त्रिशरण म्हणायला लागलात. बसचा ड्रायव्हर, तो तिकडचाच, बिडी टाकून जवळ आला. "आप लोग बौद्ध हो? बंबई में?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "बहुत हैं। हमारी पूरी चाल।" तो इतका खूश झाला की त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून तुम्हाला तिथं बसवलं. मग सारा रस्ता तो एकेक गोम्पा, म्हणजे तिकडचा विहार, दाखवतोय आणि तुम्ही त्याला आपल्या विहाराचा स्लॅब आपण कसा टाकला ते मोडक्या हिंदीत सांगताय.

दुपारी पुढे दरड कोसळलेली निघाली. ड्रायव्हर म्हणाला, आता काही खरं नाही, रस्ता मोकळा होईपर्यंत माझ्या मामाच्या घरी चला, आज तिथं बारसं आहे. शेतांमधून चालत आपण त्या घरी गेलो. लांबच लांब खोली, भिंतीला लागून गालिचे अंथरलेले, पुढ्यात छोटी रंगीत मेजं, आणि माणसं ओळीनं बसलेली, सगळ्यात वर एक म्हातारे लामा. आपण दाराशीच टेकायला गेलो, आपली सवय. पण ड्रायव्हरच्या मामांनी येऊन तुमचे दोन्ही हात धरले. "ऊपर, ऊपर! इतनी दूर से आए, अपने लोग!" त्यांनी तुम्हाला लामांच्या शेजारी बसवलं आणि मला तुमच्या शेजारी. बाबा, तुमचे डोळे भरून आले होते. तुम्ही ते धुरामुळे म्हणून पुसलेत, पण मी पाहिलं. माझेही भरले होते. सगळी ओळ आपल्याकडे बघून हसत होती आणि कुणालाही आपल्याबद्दल आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं.

एक बाई चहाची मोठी किटली घेऊन वरून खाली ओतत निघाल्या. खारा, लोण्याचा चहा. तुम्ही एक घोट घेऊन माझ्या कानाशी म्हणालात, "कढी म्हणून पी, उतरतीय." सगळ्यांपुढे घरचे चिनी मातीचे कप होते, आपल्याही पुढे. ओळ संपली तिथं दाराजवळ उघड्या जमिनीवर दोन ढोलक्या घेऊन एक माणूस बसला होता. मघापासून तोच वाजवत होता. बाई त्याच्यापाशी गेल्या तेव्हा त्यानं अंगरख्यातून स्वतःचा लाकडी पेला काढला, खाली ठेवला आणि हात मागे घेतला. बाईंनी वरून चहा ओतला. झालं, एवढंच. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. पण तुमचा कप तोंडाशी नेलेला तसाच थांबला.

तुम्ही ड्रायव्हरला विचारलंत, "वो उधर काय को बैठा है?" तो सहज म्हणाला, "बजानेवाला है ना। उन लोगों की जगह उधर ही होती है।" "और कप?" "वो अपना लाते हैं।" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो हे जसं सांगू तसं त्यानं सांगितलं. तुम्ही थोडा वेळ समोरच्या मेजावरची रंगीत फुलं बघत बसलात. मग गुडघ्यावर हात टेकून उठलात, कप घेतलात, आणि त्या सगळ्या ओळीपुढून चालत जाऊन दाराशी, त्या माणसाच्या शेजारी जमिनीवर बसलात. मामा "ऊपर, ऊपर" करत धावले. सगळ्यात घाबरला तो वाजवणारा. तो उठून बाहेरच पळायच्या बेतात होता, त्याला वाटलं असणार, याचं खापर आपल्यावरच फुटणार. तुम्ही त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि चक्क मराठीत म्हणालात, "बस रं. बस." मग तुमचा कप आणि त्याचा पेला शेजारी शेजारी ठेवून किटलीवाल्या बाईंकडे पाहिलंत. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी लामांकडे, आणि लामा डोळे मिटून माळ ओढत होते. शेवटी बाईंनी दोन्हींत चहा ओतला. तुम्ही दोघे एकमेकांची भाषा न कळता तो प्यायलात. मी वरच बसून होते.

रस्ता मोकळा झाल्याचा निरोप आला तसे निघालो. शेतातून येताना ड्रायव्हर तुमच्या शेजारून चालत होता. तो म्हणाला, "दरवाज़े पे हवा बहुत आती है, पिताजी। ठंड लगी होगी।" तुम्ही म्हणालात, "हां। हवा बहुत थी।" चांगला माणूस होता तो. त्यानं तुम्हाला पुन्हा पुढेच बसवलं. सगळ्यात सुंदर रस्ता खरं तर त्यापुढचा. मातीचे सुळके, पिवळ्या मेणासारखे वितळलेले डोंगर, वळणावळणानं खाली उतरत थेट सिंधूपर्यंत. तुम्ही त्यातलं काहीही पाहिलं नाहीत. खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपलात. इतके थकलेले तुम्ही कारखान्यातून डबल पाळी करून आलात तरी दिसत नव्हतात.

परत आल्यावर विहारात लोक तुमच्याभोवती जमले. तुम्ही डोंगर सांगितलेत, बर्फ सांगितलात, ती कातळातली मूर्ती हात वर करून दाखवलीत. दाराशी बसल्याचं एका अक्षरानं बोलला नाहीत. घरी मी मोरीशी भांडी घासताना विचारलं, का सांगितलं नाहीत? तुम्ही म्हणालात, "इथं दिसभर ऐकून घेत्यात माणसं. कुठंतरी एक जागा बरी हाय, एवढ्यावर दिस काढत्यात. ती माझ्या हातानं मोडू व्हय?" मला तेव्हा तुमचा राग आला. एवढं ओळीपुढून चालत गेलात आणि आता गप्प बसता, म्हणून. त्यानंतर तुम्ही थोडीच वर्षं होतात आणि आपण लेहबद्दल पुन्हा बोललो नाही.

रविवारी मी काय बोलले? स्वेटर दोन घ्या, पहिल्या दिवशी पडून राहा, डोकेदुखीच्या गोळ्या विसरू नका. बायका वहीत लिहून घेत होत्या. मग मागून एकीनं विचारलं, "ताई, तिकडे आपल्याला कसं वागवतात?" भांडुपच्या एका सोसायटीत घर बघायला गेलेली ती, आडनाव ऐकून परत पाठवलेली. मला ते ठाऊक होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "वर बसवतात." टाळ्या पडल्या. खोटं काही बोलले नाही मी, आणि घरी येईपर्यंत मला धाप लागली होती.

तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत, तू का उठली नाहीस. लाजले असेन, घाबरले असेन, लहान होते, असं काहीतरी तुम्ही माझ्या वतीनं ठरवून टाकलं असणार. तसं नव्हतं बाबा. त्या गालिच्यावर मला फार बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांनंतर आता तरी लिहायला हवं की आज कुणी तिथं नेलं तर मी तुमच्यामागून येऊन दाराशी बसेन. पण मी फार दमले आहे. मी वरच बसेन.