चार फोटो, पाच मासे

२ मे, शुक्रवार

आलो बाबा एकदाच्या. ठाण्याला, नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये. वीस दिवस हा फ्लॅट माझा आणि उर्वीचा, आणि काम काय, तर माशांना खायला घालायचं. सरोजकाकू आमच्या क्लिनिकच्या जुन्या पेशंट. त्या आणि मधुकाका मुलीकडे बंगळूरला गेलेत. मी रिसेप्शनला बसते, खडवलीहून पोरीला घेऊन रोज ये-जा करते, हे त्यांनी पाहिलेलं. म्हणाल्या, सुट्टीभर तूच राहा की रसिका. खडवलीच्या खोलीत पाणी एक दिवसाआड, इथे दोन्ही वेळ. मी आज भांडी घासताना चक्क गात होते.

मासे पाच. चार सोनेरी, एक काळा. काकूंनी पद्धत दाखवून ठेवली. सकाळी वाटीत चिमूटभर दाणे घ्यायचे, भिंतीवरच्या चार फोटोंवरून तीनदा ओवाळायचे आणि मग टाकीत टाकायचे. फोटो काकांचा, काकूंचा, मुलगी देवयानीचा आणि नातू अद्वयचा. घरातल्या माणसांवरचं जे काही असेल ते मासे खातात म्हणे. फक्त या चौघांवरून, हे दोनदा बजावलं. माझी आई मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते, ह्या टाकीत टाकतात. फरक तो काय.

५ मे, सोमवार

उर्वीने माशांना नावं दिली. बुंदी, जिलेबी, केशर, आंबा. काळा म्हणजे सर, कारण तो शाळेतल्या सरांसारखा रोखून बघतो. तासन् तास टाकीपुढे बसते ध्यान. मला बरंच झालं, डोक्याला ताप नाही.

६ मे, मंगळवार

पहाटेपासून उर्वीला एकशे दोन. औषध दिलं, उतरेना. सकाळी फोटोंवरून वाटी ओवाळली आणि हात आपोआप तिच्यावरूनही फिरला. कुठल्या आईचा फिरला नसता? सहा वर्षांची पोर. हिचे बाबा गेल्यापासून मला दुसरं आहे कोण.

दहा वाजता अंग गार. पोहे कर म्हणून मागे लागली. संध्याकाळी बुंदी पाण्यावर उलटी तरंगत होती. वाईट वाटलं, पण खरं लिहिते, फार नाही वाटलं.

८ मे, गुरुवार

काल तिच्यावरून ओवाळलं नाही. बरी झालीय, आता कशाला. दुपारी एकशे चार, डोळे पांढरे केले. औषध, पट्ट्या, सगळं झालं. आज सकाळी ओवाळलं, दाणे टाकले, तासाभरात उठून बसली. जिलेबी गेली.

काकूंना फोन केला. मासे मेले म्हटलं तर रागावल्या नाहीत, त्यानेच मला धस्स झालं. आधी विचारलं, मुलीवरून ओवाळलंस का. मग म्हणाल्या, एकदा सुरू केलं की सोडता येत नाही गं, आम्ही चौदा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. मासे संपले तर काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, खाणारं कुणीतरी लागतं. एवढं बोलून फोन ठेवला. आता बंद लागतोय.

९ मे, शुक्रवार

नकोच हे घर म्हणून उर्वीला घेऊन खडवलीला निघाले. डोंबिवली यायच्या आत तिचं अंग भाजायला लागलं. नाव विचारलं तर तिला सांगता येईना. उतरले, परतीची गाडी धरली. ओवाळलं. ती बरी. केशर गेली.

१० मे, शनिवार

हॉस्पिटलमध्ये नेलं. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर मलाच झोपेची गोळी लिहून देत होते. येताना सहा नवे मासे आणले. त्यांनी त्या दाण्यांना तोंड लावलं नाही, सगळे एका कोपऱ्यात, काचेला चिकटून. दाणे आंब्याने खाल्ले. तासाभरात आंबा गेला. दिवेलागणीला ते सहाही.

फोटोंवरून ओवाळणं मी सोडलंय. त्यांचं ते बघून घेतील. मला एकच माणूस आहे.

११ मे

सर एकटे उरले होते. खाताना माझ्याकडेच बघत होते.

दुपारी तेही —

१२ मे

टाकी रिकामी. उर्वीचे ओठ निळे पडायला लागले. हाक मारली तर ओ देईना. खाणारं कुणीतरी लागतं. वाटी घेतली, तीनदा ओवाळली आणि दाणे मीच खाल्ले. सुक्या जवळ्यासारखा वास. तरी सगळे गिळले.

ती उठली. बघत होती. विचारलं, आई, काय खातेस? मी म्हटलं, तुझा ताप. खुदकन हसली. मला इतकं बरं वाटलं आज, इतकं बरं.

१३ मे

पाय जड. भिंत धरून चालते. उर्वी ठणठणीत, घरभर नाचतेय. आजही खाल्लं.

१४ मे

उभं राहता येत नाही. पाणीही गिळवत नाही — दाणे मात्र गिळले. क्लिनिकमधून फोन आला, उचलला, आवाज फुटेना. कुणाला कळवू? कोण येऊन काय खाणार आहे? मी गेले की हिचं —

देवा, हिचं कोण —

१५ मे

हात तेवढा हलतोय. उर्वी शेजारी बसलीय. केस सारखे करतेय माझे.

वाटी आणलीय तिने. माझ्यावरून ओवाळतेय. एक. दोन. बरोबर शिकलीय. मी मान हलवतेय, नको, नको — तिला वाटतं मी

हात पोचत नाही तिच्यापर्यंत

चिमूट उचलली. म्हणतेय, आई, आता तुझा ताप मी —