डबीला ऊन लागतं

४ मे १९९८, जळगाव
नशिराबादच्या मीटर-रीडिंगचा घोळ शेवटी माझ्याच गळ्यात. एका दिव्याच्या घराला पिठाच्या गिरणीएवढे युनिट. रीडिंग भरायच्या हातातल्या मशीनला आम्ही डबी म्हणतो. तिच्यातला प्रोग्राम माझा. रीडिंगच्या ठेकेदाराचं मत पक्कं : रीडर सोनवणेभाऊ घरोघर जातच नाहीत, मनाला येईल ते आकडे ठोकतात. येत्या सोमवारपर्यंत दुसरं कारण दाखवा, नाहीतर काढतो म्हणाला.
भाऊ धुळ्याकडचे, पन्नाशी उलटलेली. दारातच उभे. "बठ्ठा घरे फिरनू, ताई. झाडखाले बसीसन कोणी रीडिंग लिखस का?" आवाज चढला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

५ मे
दिवसभर कूलरसमोर डबी बडवली. एक आकडा चुकेल तर शपथ. धुळ्याला फोन. तिथं हाच प्रोग्राम, तक्रार नाही. आमच्या ऑफिसचे सर म्हणाले, "प्रोग्राम बरोबर, म्हणजे माणूस खोटा." किती सोपं! चूक आपल्यासमोर घडली नाही की ती नाहीच.

६ मे
चिडून प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी एकदम बदल केले. सगळं बरोबर. पण आधीही बरोबरच होतं, मग दुरुस्त काय केलं, डोंबल? दोन्ही काढून टाकले. संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवताना पोरांना घसा कोरडा करून सांगते : आधी चूक घडवून दाखवा, मग हात लावा, एका वेळी एकच बदल. आणि स्वतः...
उद्या भाऊंबरोबर जाते. सर : "उन्हात मरशील." मरेन.

७ मे
नशिराबाद. अकराच्या पुढे डोळे उघडवेनात. तिसऱ्या गल्लीत डबीचा पडदा काळाठिक्कर, आकडेच दिसेनात. कूलरपुढे बसून मला हे कधी कळणार होतं?
भाऊंनी डोक्याचं ओलं उपरणं सोडलं, डबीला गुंडाळलं. थोड्या वेळानं पडदा उजळला. "तिले बी ऊन लागस ना, ताई." लेकराला सांभाळावं तशी धरली होती.
दुपारी बघते तर सात दाबला की दोनदा उमटतो. बटणाखाली पाणी. माझ्या डोळ्यांसमोर घडलं! ऑफिसात येऊन चुकलेले आकडे पाहिले, प्रत्येकात सात जोडीनं. आनंदानं ओरडावंसं वाटलं. घरी जाताना रिक्षात लक्षात आलं, की मी नक्की काय शोधून काढलंय.

८ मे
सरांना सांगितलं. ते खूश. "म्हणजे त्यानं मशीन भिजवली. रिपोर्टमध्ये तसंच लिही." परवा खोटारडा होता, आता मशीन बिघडवणारा. नोकरी दोन्हीकडून जाणारच.
म्हटलं, मागच्या महिन्यापेक्षा आकडा भलताच मोठा आला तर प्रोग्रामनं थांबून पुन्हा विचारायला हवं होतं. पडदाही उन्हात नेऊन बघायला हवा होता. सर म्हणाले, "हे लिहिलंस तर आपलं काम जाईल. तुझंही." बाहेर आले.

९ मे
बदल केला. एकच, आणि छोटासा. डबी मुद्दाम ओली करून पाहिली. सात दोनदा उमटला, प्रोग्राम थांबला, त्यानं पुन्हा विचारलं. धुळ्याच्या डब्यांतही भरायला हवा.
संध्याकाळी भाऊ आले. "सापडनी का चूक, ताई?"
सापडली म्हटलं.
त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मी घरमा सांगी देस." कोणाची सापडली, ते विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही. उपरणं ओलंच होतं, बाहेर पडताना डोक्याला गुंडाळलं.

१० मे
रविवार. ऑफिसात एकटीच. रिपोर्टमध्ये 'कारण' पुढे तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आता तिथं एवढंच आहे : 'ऊन. ते या प्रोग्रामनं कधी पाहिलंच नव्हतं.' खाली माझी सही.
सरांना अजून दाखवलेलं नाही. सकाळी ठेकेदार यायचाय.